जुन्या कॉर्व्हेटमध्ये एवढं आहे तरी काय?

प्रश्न विचारणारे गृहस्थ ओहायोत, कोलंबसजवळ राहतात. मुलं कॉलेजला गेली, गॅरेजमधली एक जागा मोकळी झाली, आणि 20 हजार डॉलरच्या आत 1997 ते 2004 या काळातली शेव्हरोले कॉर्व्हेट घ्यायचं त्यांच्या मनाने घेतलंय. मित्र म्हणतात, ती प्लास्टिकची, म्हाताऱ्यांची गाडी. घरचे म्हणतात, एवढी जुनी गाडी म्हणजे दर महिन्याला मेकॅनिकचं बिल. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: लोकांना या गाडीचं एवढं वेड का, घेताना काय बघायचं, आणि पुढेमागे पुण्याला परतलो तर ती सोबत नेता येईल का.

मी मिशिगनमध्ये गाड्यांची कामं करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या कामात शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स हिच्या व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनांचा वाटा मोठा आहे. ही गाडी वरून, खालून, उघडून आणि जोडून मला चांगली माहीत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घ्या, हे माझं उत्तर. पण थोड्या पैशात जोरात पळते, एवढ्याच कारणासाठी घेणार असाल तर तशा गाड्या बाजारात बऱ्याच आहेत. या गाडीचं मोल वेगळ्या गोष्टीत आहे. बनवणाऱ्यांनी पैसा नेमका तिथे लावलाय जिथे स्पोर्ट्स कारला तो लागतो, आणि तरीही ती पगारदार माणसाला रोज चालवता येते, आपल्या गॅरेजमध्ये आपल्या हाताने सांभाळता येते. या दोन गोष्टी एका गाडीत सहसा सापडत नाहीत.

कॉर्व्हेटच्या पिढ्यांना सी-1, सी-2 असे क्रमांक आहेत. 1953 साली मिशिगनमधल्या फ्लिंट गावी 300 गाड्या बनल्या, तिथून पहिली पिढी सुरू झाली. आपण बोलतोय ती पाचवी, सी-5. ही पिढी जवळपास जन्मालाच येणार नव्हती. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्स अब्जावधी डॉलरच्या तोट्यात होती. दोनच माणसं बसतात अशा, कमी खपाच्या गाडीसाठी मुळापासून नवा सांगाडा बनवायचा हे वरच्या मंडळींच्या गळी उतरत नव्हतं. प्रकल्प पुन्हा पुन्हा लांबणीवर पडला. शेव्हरोलेचे तेव्हाचे प्रमुख जिम पर्किन्स यांनी आपल्याच विभागाच्या पैशातून चाचणीची एक गाडी बनवून घेतली आणि ती दाखवून प्रकल्प तगवला. मुख्य इंजिनिअर डेव्ह हिल यांच्या देखरेखीखाली 1997 मध्ये गाडी बाजारात आली. त्या ओढाताणीच्या खुणा गाडीखाली शिरलं की आजही दिसतात. सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्सची जागा, सस्पेन्शन यांत हात सैल सोडलाय. डॅशबोर्डच्या प्लास्टिकवर आणि सीटवर काटकसर केलीय. मला हा हिशेब पटतो.

आधी सांगाडा बघा. आधीच्या पिढीत, म्हणजे सी-4 मध्ये, छत काढलं की गाडी खड्ड्यावरून जाताना अंगभर हलायची, आणि ते आवरायला दरवाजाखालचा उंबरा एवढा उंच ठेवला होता की आत बसणं म्हणजे कसरत. सी-5 ला दोन्ही बाजूंना पुढून मागपर्यंत पोलादी नळीची अखंड तुळई आहे. नळी साच्यात बंद करतात, आत प्रचंड दाबाने पाणी भरतात, आणि ती फुगून साच्याचा आकार घेते. मध्ये जोड नाही, वेल्डिंगचे तुकडे नाहीत. दोन तुळयांच्या मधोमध गाडीच्या पाठीचा कणा म्हणावा असा बोगदा आहे. त्यामुळे उंबरा खाली आला, छत काढलं तरी दारं कुरकुरत नाहीत, आणि स्टिअरिंग वळवल्याबरोबर पुढचं टोक वळतं. पायाखालची फरशी दोन फायबरच्या पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड भरून केलेली आहे. हो, खेळण्यातली विमानं बनवतात तेच लाकूड. वजनाला नगण्य, आणि आवाज नि थरथर दाबायला उत्तम.

मग गिअरबॉक्स. इंजिन पुढे असलेल्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स त्याच्या पाठीलाच चिकटलेला असतो. इथे तो काढून मागच्या चाकांपाशी, चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला जोडून बसवलाय. मधे एक जाड नळी, तिला टॉर्क ट्यूब म्हणतात, आणि तिच्या आत इंजिनच्याच वेगाने फिरणारा शाफ्ट. कावडीसारखं वजन दोन टोकांना वाटलं गेलं: पुढे साधारण 51 टक्के, मागे 49. घाटातल्या वळणावर ही गोष्ट लगेच कळते. गाडी नाक खुपसत नाही, की शेपूटही फेकत नाही. आणि चूक झालीच तर काय होणार आहे हे कमरेला आधी कळतं. गाडीचं वजन साधारण 1,450 ते 1,475 किलो. आजच्या कित्येक फॅमिली सेडान याहून जड आहेत.

सस्पेन्शनमध्ये पाटे आहेत म्हणून लोक नाक मुरडतात. आपल्याकडे पाटे म्हटलं की मालट्रक डोळ्यांपुढे येतो. कॉर्व्हेटचा पाटा आडवा, पुढे एक नि मागे एक, आणि काचतंतूंच्या फायबरचा असतो. प्रत्येक चाक धरून ठेवायला स्वतंत्र विशबोन, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराच्या दांड्या, आहेत. पाट्याचं काम फक्त स्प्रिंगचं. तो हलका, गंजत नाही, खाली बसतो म्हणून गाडीचं वजनही खाली राहतं. मी आजवर बदललेले शॉक अॅब्सॉर्बर पुष्कळ, पाटे अगदी विरळा.

आता इंजिनकडे येतो, कारण खरं वेड त्याचंच आहे. नाव एलएस-1. 5.7 लिटर, व्ही-8, ब्लॉक अॅल्युमिनियमचा, सुरुवातीला 345 हॉर्सपॉवर आणि 2001 पासून 350. याच्यात सिलिंडरमागे दोनच व्हॉल्व्ह आहेत आणि व्हॉल्व्ह चालवणारा दांडा, कॅमशाफ्ट, ब्लॉकच्या पोटात आहे, तिथून पुशरॉड नावाच्या काड्या वर जाऊन व्हॉल्व्ह उघडतात. जपानी आणि युरोपियन गाड्यांत तेव्हा डोक्यावर कॅम, चार-चार व्हॉल्व्ह असायचे, म्हणून या इंजिनाला जुनाट म्हणायची पद्धत पडली. पण उघडून पाहा. डोक्यावर कॅम नसल्यामुळे इंजिन ठेंगणं आणि आटोपशीर झालंय, म्हणून बॉनेट एवढं खाली ठेवता आलं. टायमिंग बेल्ट नाही. एक छोटी चेन आणि एक कॅम. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक बेअरिंग कॅपला सहा बोल्ट आहेत, चार खालून आणि दोन बाजूंनी. वेळेवर ऑइल बदललं तर ही इंजिनं दीड-दोन लाख मैल सहज जातात. तेवढी चाललेली, कधीच न उघडलेली इंजिनं माझ्याकडे येतात.

चालवताना काय वाटतं ते सांगतो. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 30 मैलांवर गाडी रेंगाळतेय, इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांच्या जरा वर आहे. पाय दाबा. ती कुंथत नाही, गिअर मागत नाही, वाटही बघायला लावत नाही. टर्बो गाडीत श्वास घ्यायला लागतो तसा क्षण इथे नाही. पाय जेवढा खाली, तेवढी ओढ, सरळ 6,000 फेऱ्यांपर्यंत. आवाज आधी घुमतो, मग मोकळा होतो. शून्यापासून ताशी 60 मैल 5 सेकंदांच्या आत. 1997 साली हे आकडे मोठे होते. आज इलेक्ट्रिक सेडान त्यांना मागे टाकते, हे खरंय. पण इथली मजा आकड्यापेक्षा पाय आणि चाक यांच्यातल्या थेट नात्याची आहे, आणि ती 25 वर्षांत कमी झालेली नाही.

आणि आपल्या माणसाचा हक्काचा प्रश्न: किती देते? सहाव्या गिअरमध्ये ताशी 70 मैलांवर इंजिन जेमतेम 1,500 फेऱ्या फिरत असतं. गाडीचा आकार हवा कापणारा आहे, हवेचा अडथळा सांगणारा आकडा, ड्रॅग कोइफिशंट, 0.29. हायवेवर गॅलनला 26 ते 28 मैल, म्हणजे लिटरला 11-12 किलोमीटर मिळतात. 5.7 लिटरच्या इंजिनाला हे फारच चांगलं. याच अॅव्हरेजच्या हट्टापायी कंपनीने मॅन्युअल गिअरबॉक्सला एक खोड लावून ठेवलीय: हळू चालवताना पहिल्यातून दुसऱ्याऐवजी जबरदस्तीने चौथा गिअर पडतो. बहुतेक मालकांनी ती एका छोट्या प्लगने बंद केलेली असते. घेतलेल्या गाडीत ती चालू असली तर गिअरबॉक्स बिघडला म्हणून घाबरू नका.

इंजिनाचा सगळ्यात मोठा गुण मात्र घराणं आहे. याचीच भावंडं, 4.8, 5.3 आणि 6.0 लिटरची, 1999 पासून शेव्हीच्या पिकअप ट्रकांत लाखोंनी बसली. वॉटर पंप असो, सेन्सर असो, कॉइल असो, गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात तो शेल्फवर असतो किंवा संध्याकाळपर्यंत येतो. ट्रकवर काम केलेल्या कुठल्याही मेकॅनिकला हे इंजिन नवं नाही. त्याच काळातली पोर्शे 911 मलाही आवडते. पण तिच्या इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग तुटण्याची धास्ती, आणि काम निघालं की येणारं बिल, हे दोन्ही पगारदार माणसाच्या झोपेवर येतं.

"प्लास्टिकची गाडी" या शेऱ्याबद्दल. बाहेरचे पत्रे खरंच पत्रे नाहीत, काचतंतूंच्या फायबरचे आहेत. 1953 पासून कॉर्व्हेटचं हेच आहे. मिशिगन-ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. 20 वर्षांत लोखंडी गाड्यांच्या चाकांवरच्या कमानी कुजून गळून पडतात. सी-5 चं अंग तसंच्या तसं असतं. पण याने फसू नका. अंग चकचकीत असलं तरी खालचा सांगाडा, ब्रेकच्या नळ्या आणि बोल्ट पोलादाचेच आहेत. इंजिन आणि सस्पेन्शन तोलणाऱ्या अॅल्युमिनियमच्या चौकटीत, क्रेडलमध्ये, अडकलेला गंजका बोल्ट काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. शक्यतो दक्षिणेकडची, केंटकी-टेनेसीच्याही खालची गाडी शोधा.

"म्हाताऱ्यांची गाडी" हेही बऱ्याच अंशी खरं आहे, आणि तुमच्या फायद्याचं आहे. आयुष्यभर वाट बघून पन्नाशी-साठीत गाडी घेणारे हे लोक. रविवारी धुतली, ऑइल वेळेवर बदललं, पावत्या फाइलला लावल्या, हिवाळाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवली. माझ्याकडे येणाऱ्या सर्वांत नीट ठेवलेल्या जुन्या गाड्या याच. शिवाय शर्यतीत ही गाडी काही म्हाताऱ्यासारखी वागली नाही. शर्यतीसाठी बनवलेल्या सी-5-आर ने 2001 साली डेटोनाची 24 तासांची शर्यत सगळ्यांच्या पुढे राहून जिंकली आणि फ्रान्समधल्या ल मॉन्सच्या 24 तासांच्या शर्यतीत 2001, 2002 आणि 2004 मध्ये आपला वर्ग जिंकला.

रोजच्या वापराचं थोडक्यात. कूपेची, म्हणजे छताचा मधला भाग निघतो त्या प्रकाराची, डिक्की साधारण 700 लिटरची, दोन गोल्फ बॅगा सहज मावतात. दोघांचं आठवड्याचं सामान नक्की. छताचा मधला भाग हत्याराशिवाय निघतो आणि डिक्कीत ठेवता येतो. एसी जोरदार. गाडी रुंद आहे, नाक लांब आहे, आणि नाकाखालची रबरी पट्टी प्रत्येक उतारावर घासते. ती घासण्यासाठीच आहे, तिकडे दुर्लक्ष करा. सीट मला कधीच आवडल्या नाहीत, दोन तासांनी कंबर बोलते. बटणांचं प्लास्टिक हाताला हलकं लागतं. डॅशबोर्ड जरा वर उचकटलेला दिसेल, तो जवळजवळ प्रत्येक गाडीत असतो.

आता बघायला जाल तेव्हा काय बघायचं. मालकाला आधी फोन करून सांगा, गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू करताना बरंच काही कळतं. पहिली मिनिटभर हलकी टकटक ऐकू आली आणि गरम झाल्यावर गेली, तर ती पिस्टनची आहे. एलएस-1 मध्ये बऱ्याचदा असते आणि तिने नुकसान होत नाही. गरम झाल्यावरही टकटक राहिली तर निघून या.

इंजिन चालू असतानाच पुढे जाऊन क्रँकशाफ्टच्या टोकाची मोठी पुली बघा. मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला तर जास्त नीट दिसतं. या पुलीत, हार्मोनिक बॅलन्सरमध्ये, आतला गाभा आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं. वर्षं सरली की रबर सुटतं आणि कडं डुलायला लागतं. निरोगी पुली जागच्या जागी फिरते, जणू फिरतच नाही. सुटलेली पुली पुढेमागे झोकांड्या खाते, तिच्यावरचा पट्टाही सोबत लहरतो. पुलीची किंमत फार नाही, पण समोर स्टिअरिंग रॅक आडवा येतो, तो हलवल्याशिवाय हात पोचत नाही. म्हणजे मजुरी मोठी. डुलत असेल तर गाडी नाकारायची गरज नाही, किमतीतून वजा करून घ्या.

मग बॅटरी. ती इंजिनच्या खणात मागे, पॅसेंजरच्या बाजूला आहे, आणि तिच्या खालीच इंजिनचा संगणक आणि वायरिंग आहे. जुन्या बॅटरीतून आम्ल झिरपलं की ते थेब थेब खाली पडत राहतं आणि व्हॅक्युमच्या नळ्या, वायरी, शेवटी संगणकही खातं. टॉर्च घेऊन बॅटरीच्या तळाशी बघा. पांढरी-हिरवी पावडर, फुगलेला रंग, चिकट काळी झालेली नळी दिसली तर बॅटरी काढून दाखवायला सांगा. आम्ल न गळणारी सीलबंद एजीएम बॅटरी बसवलेली असेल तर मालक जाणकार आहे असं समजा.

त्यानंतर गाडीलाच विचारा. या गाडीत बिघाडाचे कोड वाचायला वेगळं यंत्र लागत नाही. चावी ऑनवर, इंजिन बंद. डॅशबोर्डवरचं ऑप्शन्स बटण दाबून धरा आणि फ्युएलचं बटण चार वेळा दाबा. गाडी एकेक संगणक तपासून कोड दाखवत जाते. कोडच्या शेवटी सी असेल तर बिघाड आत्ता चालू आहे, एच असेल तर पूर्वी कधीतरी होऊन गेला. वीस वर्षांच्या गाडीत थोडेफार एच असणारच. एकही कोड नसला तर बहुधा कुणीतरी कालच पुसलेत. ते का, हे विचारा.

स्टिअरिंगच्या कुलपाची कहाणी प्रसिद्ध आहे. चावी काढली की स्टिअरिंगमध्ये विजेवर चालणारी खीळ बसते. ती कधी कधी परत निघत नाही, आणि गाडी हलू नये म्हणून संगणक पेट्रोल तोडतो. कंपनीने यासाठी रिकॉल काढले होते, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. बहुतेक मालकांनी पुढे जाऊन बायपासचा छोटा भाग बसवून कुलूपच निकामी केलंय. ते झालंय का, हे विक्रेत्याला विचारा. झालं नसेल तर पहिल्या आठवड्यात करून घ्या, काम सोपं आहे.

एबीएस (ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन (चाकांची पकड) सांभाळणारा कंट्रोलर मात्र सोपा नाही. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा आणि ट्रॅक्शनची सूचना एकदम लागत असेल तर सावध व्हा. 2000 पर्यंतच्या गाड्यांचा कंट्रोलर दुरुस्त करून देणारे सहज सापडतात. 2001 नंतरचा कंपनी आता बनवत नाही, आणि दुरुस्त करणारे मोजकेच आहेत. पेट्रोलचा काटा अचानक शून्यावर पडत असेल तर तो किरकोळ दोष समजा: टाकीतल्या सेन्सरवर पेट्रोलमधल्या गंधकाचा थर बसतो. चांगलं क्लीनर एक-दोन टाक्या वापरून पाहा, बऱ्याचदा काटा परत वर येतो. वर उघडणारे दिवे लावून बघा. दिवा उघडल्यावरही मोटर घरघरत राहिली तर आतलं प्लास्टिकचं दातेरी चाक झिजलंय, त्याऐवजी पितळी मिळतं.

क्लचकडे नीट लक्ष द्या, कारण गिअरबॉक्स मागे असण्याची किंमत इथे मोजावी लागते. क्लच बदलायला मागचा सगळा डोलारा, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टॉर्क ट्यूब, खाली उतरवावा लागतो. क्लचच्या ऑइलच्या डबीचं झाकण उघडा. ऑइल काळं असेल तर मालकाने ते कधी बदललेलं नाही. वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून बघा. वेग न वाढता फेऱ्या वाढल्या तर क्लच सुटतोय. न्यूट्रलमध्ये उभी असताना मधल्या बोगद्यातून खडखड किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला तर टॉर्क ट्यूबमधली रबरं किंवा बेअरिंग गेली आहेत. ही दोन कामं एकत्रच करायची असतात. हे काम शिल्लक असलेली गाडी वाईट नाही, पण ती त्या भावाची नाही.

एका मोहापासून सावध करतो: अगदी कमी चाललेली गाडी. "फक्त 12 हजार मैल" अशा जाहिराती पाहून लोक हजारो डॉलर जास्त मोजतात. उभी राहिलेली गाडी रबरातून मरते. सील सुकतात, डिफरन्शियलच्या बाजूने ऑइल गळायला लागतं, टाकीतलं पेट्रोल खराब होतं. आणि टायर. टायरच्या कडेला चार आकड्यांची तारीख असते. 2311 म्हणजे 2011 सालचा 23वा आठवडा. अशा गाडीचे टायर गोटा झालेले नसतात, नक्षी नवी कोरी दिसते, पण रबर दगड झालेलं असतं. 350 हॉर्सपॉवर, ओला रस्ता आणि दगड झालेले टायर यातून काय होतं ते मी क्रेनवरून आलेल्या गाड्यांत पाहिलंय. 60 ते 90 हजार मैल चाललेली, दर वर्षी चालवलेली, पावत्यांची फाइल असलेली गाडी मी कधीही आधी घेईन.

कुठलं वर्ष? तुमच्या बजेटमध्ये मी 2002 ते 2004 मधली मॅन्युअल कूपे शोधली असती. इंजिन 350 हॉर्सपॉवरचं, घसरण सावरणारी अॅक्टिव्ह हँडलिंग यंत्रणा 2001 पासून सगळ्या गाड्यांत आलेली, लहानसहान दोष निस्तरलेले. 2001 च्या काही गाड्या ऑइल पितात, तिथे दोन ऑइल बदलांमध्ये किती टाकावं लागतं ते विचारा. 1999-2000 ची पक्क्या छताची गाडीही छान, ती फक्त मॅन्युअलमध्येच मिळायची. ऑटोमॅटिक चार गिअरचा, टिकाऊ आहे, पण या इंजिनाची अर्धी गंमत घालवतो. झेड-06 ही याच पिढीतली जास्त ताकदीची आवृत्ती: 2001 ला 385 आणि 2002 पासून 405 हॉर्सपॉवर, टायटॅनियमचा एक्झॉस्ट, पातळ काचा, वजन आणखी कमी. सुंदर गाडी आहे, पण चांगली मिळाली तर तुमच्या रकमेच्या वर जाईल, आणि पुष्कळशा ट्रॅकवर दामटलेल्या असतात. 2002 च्या काही इंजिनांत व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तुटतात, त्या बदलल्याची पावती असल्याशिवाय ती घेऊ नका. 2003 पासून पर्याय म्हणून आलेले चुंबकीय शॉक अॅब्सॉर्बर आरामदायी, पण बदलायची वेळ आली की महाग पडतात.

सगळे पैसे गाडीतच घालू नका. 20 हजार असतील तर 17 ची गाडी बघा आणि 3 हजार बाजूला ठेवा: टायर, सगळी ऑइलं, क्लच आणि ब्रेकचं फ्लुइड, बॅटरी. यातलं टायर सोडून सगळं तुम्हाला घरी करता येईल. जॅक लावताना मात्र दरवाजाखालच्या फायबरला लावू नका, ते तडकतं. सांगाड्यात चार ठिकाणी लांबट भोकं आहेत. त्यांत बसणाऱ्या रबरी किंवा अॅल्युमिनियमच्या चकत्या मिळतात. त्या लावून, त्यांच्याखालीच जॅक लावा. गाडीला स्टेपनी नाही. मूळचे टायर पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे होते. साधे टायर घातलेत, आणि बरेच जण आराम मिळावा म्हणून तेच घालतात, तर पंक्चर किट आणि हवेचा पंप डिक्कीत असू द्या.

गाडी घेतल्यावर तिला गॅरेजमध्ये पुजू नका. कोलंबसहून तासाभरावर मिड-ओहायोचा ट्रॅक आहे, तिथे नवख्यांना शेजारी शिक्षक बसवून चालवू देणारे दिवस असतात. एक दिवस जाऊन या. ब्रेक किती उशिरा लावता येतो आणि ही गाडी किती समजूतदार आहे हे रस्त्यावर कधीच कळणार नाही. आणि एखाद्या लांब सुट्टीत सिनसिनाटी, लुइव्हिल करत खाली केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला जा. तुमची गाडी तिथल्याच कारखान्यात बनलेली असणार, आणि शेजारी कॉर्व्हेटचं संग्रहालय आहे. 2014 च्या फेब्रुवारीत या संग्रहालयाच्या फरशीखालची जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. त्यातल्या काही दुरुस्त करून आणि काही चेंगरलेल्या अवस्थेतच तिथे ठेवल्या.

शेवटचा प्रश्न पुण्याचा. तो विचार सोडून द्या. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती 3 वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. सी-5 दोन्हीत बसत नाही. उजव्या स्टिअरिंगची कॉर्व्हेट कारखान्याने आठव्या पिढीपर्यंत बनवलीच नव्हती. परत जायची वेळ आली तर गाडी इथेच विका. नीट ठेवलेल्या सी-5 चा भाव आता फारसा खाली जात नाही, वापरलीत त्या मानाने नुकसान थोडं होईल. आणि पुण्यात अमेरिकन व्ही-8 हवीच असेल तर फोर्डने 2016 पासून काही वर्षं मस्टँग भारतात विकली, कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची, 5 लिटरचं व्ही-8, सुमारे 400 हॉर्सपॉवर, फक्त ऑटोमॅटिकमध्ये. मुंबई-पुण्याच्या सेकंडहँड बाजारात ती अधूनमधून येते. फोर्डने 2021 मध्ये भारतातला कारखानदारीचा गाशा गुंडाळायचं जाहीर केलं, तेव्हा ती घेण्याआधी सुटे भाग आणि सर्व्हिसिंग कोण करतं याची चौकशी करा, आणि आधीच्या मालकाला तिथल्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट किती वेळा घासलं ते खाली वाकून स्वतः बघा.